कॉलेजच्या लॅबसाठी क्लायस्ट्रॉन बेंच घ्यावा का? १६ वर्षं वापरून सांगते

दरवर्षी मे-जूनमध्ये खरेदीचे कागद फिरायला लागले की कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून मला फोन येतो. मॅडम मायक्रोवेव्ह लॅब लावायचीय, क्लायस्ट्रॉनचा बेंच घेऊ की गन डायोडचा, की दोन्ही सोडून सॉफ्टवेअरवरच भागवू? (क्लायस्ट्रॉन म्हणजे मायक्रोवेव्ह लाटा तयार करणारी व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळी. गन डायोड तेच काम सेमीकंडक्टरच्या तुकड्याने करतो. बेंच म्हणजे त्यांच्यापुढे प्रयोगासाठी जोडलेला पाइपांचा सेट.) आणि मी दरवेळी अर्धा तास तेच तेच बोलते. म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतेय. मी इ अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शिकवते, मायक्रोवेव्ह लॅब १६ वर्षं माझ्याकडे आहे, डेडस्टॉक रजिस्टरवर सही माझी आहे, त्यामुळे काय टिकतं आणि काय चार महिन्यांत रडायला लागतं ते जवळून बघितलंय. आमच्याकडे दोन क्लायस्ट्रॉन बेंच आणि एक गन बेंच आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण हे बेंच बनवणारे जे कुणी आहेत त्यांची डिझाइनं जवळजवळ सारखीच असतात, आणि मला सांगायचंय ते या प्रकारच्या बेंचबद्दल.

निकाल आधीच सांगते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. घ्या. पैसे एकाच बेंचपुरते असतील तरी क्लायस्ट्रॉनचाच घ्या. ५ पैकी ४ देईन, तो एक पॉइंट कुठे गेला ते खाली येईलच.

आधी खोक्यातून काय येतं ते. डब्ल्यूआर-९० म्हणतात त्या मापाचे चौकोनी पाइप, म्हणजे लाट वाहून नेणारे वेव्हगाइड, आतून २२.८६ मिलिमीटर रुंद आणि १०.१६ मिलिमीटर उंच, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना फ्लँज, ते एकमेकांना स्क्रूने जोडायचे आणि खाली स्टँड लावायचे. एका टोकाला क्लायस्ट्रॉन माउंट, त्यावर व्हॉल्व्ह उभी बसते, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी २के२५ नंबरची. मग आयसोलेटर, फ्रिक्वेन्सी मीटर, व्हेरिएबल अ‍ॅटेन्युएटर, स्लॉटेड लाइन, शेवटी डिटेक्टर माउंट किंवा मॅच्ड टर्मिनेशन (लाट शोषून घेणारं) किंवा शॉर्ट (लाट परत फिरवणारं धातूचं झाकण), जो प्रयोग असेल त्याप्रमाणे. सोबत क्लायस्ट्रॉन पॉवर सप्लाय, व्हीएसडब्ल्यूआर मीटर (डिटेक्टरला मिळालेली लाट किती जोरदार ते दाखवणारा) आणि एक छोटा पंखा. सीआरओ (ऑसिलोस्कोप) बहुतेक कोटेशनमध्ये धरलेला नसतो, तो तुमचा तुम्ही बघायचा. मॅजिक टी, डायरेक्शनल कपलर, हॉर्न हे सगळं वेगळ्या लाइन आयटमने लागतं, कोटेशन नीट वाचा, नाहीतर बिल पास झाल्यावर कळतं की हॉर्न एकच आलाय आणि अँटेनाच्या प्रयोगाला दोन लागतात.

आता मुद्द्याचं, मी क्लायस्ट्रॉनवर एवढी का अडून बसते.

मुलं थर्ड इयरपर्यंत मॅक्सवेलची समीकरणं चार वेळा लिहून आलेली असतात, लाट म्हणजे काय तर ई आणि एच (विद्युत आणि चुंबकीय फील्ड) एकमेकांना काटकोनात, पेपरात बरोबर लिहितात. पण ती लाट येते कुठून असं विचारलं की गप्प. ऑसिलेटरमधून येते म्हणतात. आणि ऑसिलेटरमध्ये काय हलतं? याचं उत्तर डोळ्यासमोर दाखवणारं एवढं एकच उपकरण आमच्या अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये आहे. इलेक्ट्रॉन हलतो, धातूच्या पोकळीजवळून (कॅव्हिटी म्हणतात तिला) जाताना अडखळतो, त्याची एनर्जी पोकळीत उतरते आणि पोकळीतून पाइपात जाते. हे सगळं एका नॉबवर चालतं.

तो नॉब म्हणजे रिपेलर व्होल्टेज, रिपेलर म्हणजे इलेक्ट्रॉनना परत ढकलणारी निगेटिव्ह पट्टी. मी प्रॅक्टिकलला काय करते ते सांगते. सप्लाय चालू करायच्या आधी बीमचा (इलेक्ट्रॉनच्या झोताचा) नॉब पूर्ण कमी आणि रिपेलरचा पूर्ण जास्त, पंखा चालू, मग हीटरला तीन-चार मिनिटं द्यायची. मग बीम हळूहळू ३०० व्होल्टपर्यंत न्यायचा, करंट आमच्याकडे २० ते २५ मिलिअँपिअर येतो. रिपेलरवर सॉ-टूथ मॉड्युलेशन द्यायचं आणि डिटेक्टरचं आउटपुट सीआरओवर. आणि मग पडद्यावर टेकड्या उगवतात, त्यांनाच मोड म्हणतात. एक मोठी, शेजारी एक बुटकी, मध्ये सपाट माळ. मुलांना सांगते आता सॉ-टूथ काढा, रिपेलर हाताने फिरवा आणि व्हीएसडब्ल्यूआर मीटरच्या काट्याकडे बघा (इथे एक किलोहर्ट्झचं स्क्वेअर वेव्ह मॉड्युलेशन ठेवावं लागतं, नाहीतर तो मीटर काहीच दाखवत नाही). काटा चढतो, टोकाला जातो, उतरतो, शून्य. अजून थोडं फिरवा, परत चढतो. बीम तोच, करंट तेवढाच, हीटर तोच, इलेक्ट्रॉन तेवढेच निघतायत, फक्त त्यांना परत यायला लागणारा वेळ आपण बदलला आणि लाट जन्माला आली किंवा मेली. दरवर्षी प्रत्येक बॅचमध्ये एक तरी मूल असतं जे तो नॉब पुढेमागे, पुढेमागे करत राहतं आणि बाकीचे म्हणतात अरे सोड आता आम्हाला पण करू दे. ते मूल मला लगेच ओळखू येतं.

का होतं हे? कॅथोडमधून निघालेला इलेक्ट्रॉन ३०० व्होल्टने ओढला जातो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण १०,००० किलोमीटर होतो, प्रकाशाच्या वेगाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. या वेगाने तो कॅव्हिटीच्या दोन जाळ्यांमधून जातो. कॅव्हिटीत आधीच थोडीशी थरथर असते, त्यामुळे काही इलेक्ट्रॉनना किंचित धक्का मिळतो, काहींना किंचित ब्रेक लागतो. पुढे रिपेलर आहे, तो निगेटिव्ह, तो सगळ्यांना परत फिरवतो. आता इथे मी मुलांना कॉरिडॉरमध्ये नेते आणि तीन टेनिस बॉल देते. पहिला जोरात वर फेक, दुसरा जरा कमी, तिसरा हळूच. जमलं तर तिन्ही एकदम खाली येतात. जोरात गेलेला उंच जाऊन उशिरा परततो, हळू गेलेला लगेच परततो, म्हणून आगेमागे निघालेले एकत्र येऊन पोचतात. इलेक्ट्रॉनचं तसंच होतं, त्यांचा झुबका बनतो. हा झुबका जाळ्यांपाशी परत येईल तेव्हा तिथलं फील्ड त्याला अडवणारं असेल तर झुबक्याचा वेग कमी होतो, आणि जेवढी एनर्जी त्याने गमावली तेवढी कॅव्हिटीला मिळते. चुकीच्या वेळी आला तर उलट कॅव्हिटीकडूनच घेतो आणि सगळं थंड.

बरोबर वेळ कुठली तर पूर्ण सायकलला पाव कमी. आपल्या मराठीत यासाठी शब्द तयारच आहेत, पावणेदोन सायकल, पावणेतीन सायकल, पावणेचार सायकल. पुस्तकातलं एन अधिक तीन चतुर्थांश मुलांना आठवत नाही, पावणेतीन आठवतं, कारण बाजारात आजीबरोबर ऐकलेलं असतं. ९.४ गिगाहर्ट्झला पावणेचार सायकली म्हणजे सुमारे ०.४ नॅनोसेकंद. सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या वेळाचं गणित आपण बोटाने नॉब फिरवून जुळवतो, हे मला १६ वर्षांनंतरही भारी वाटतं.

आणि मग ती एनर्जी पाइपात कशी येते तेही बघता येतं. व्हॉल्व्ह काढून मुलांच्या हातात द्या (गार झाल्यावर!). खालच्या बेसमध्ये पिनांच्या बरोबर एक बारीक कोअ‍ॅक्शियल दांडी बाहेर आलेली दिसते. कॅव्हिटीतली थरथर या दांडीने खाली येते, माउंटच्या भोकातून दांडीचं टोक वेव्हगाइडच्या आत डोकावतं आणि तिथे ते अँटेनाचं काम करतं. एका मुलीने मला विचारलं होतं की मॅडम म्हणजे पाइपातली लाट या एवढ्याशा टोकातून निघते? हो, एवढ्याशा टोकातून. व्हॉल्व्हला आपण ३०० व्होल्ट गुणिले २५ मिलिअँपिअर म्हणजे साडेसात वॅट देतो आणि लाट म्हणून बाहेर येतात काही मिलिवॅट, फार तर २५-३०. बाकी सगळं उष्णता, म्हणूनच व्हॉल्व्ह चटका बसेल इतकी तापते आणि म्हणूनच पंखा. पंखा हा अ‍ॅक्सेसरी समजून बाजूला ठेवू नका.

इथे एक प्रश्न दरवर्षी येतो आणि तो चांगला प्रश्न आहे, की इलेक्ट्रॉन नुसता पाइपातून सरळ गेला तर लाट निघेल का. मोकळ्या जागेत एका वेगाने सरळ जाणारा चार्ज रेडिएशन देत नाही. त्याचा वेग किंवा दिशा बदलावी लागते, नाहीतर आजूबाजूला असं काही असावं लागतं जिथे लाटेचा वेग त्याच्यापेक्षा कमी आहे. पाण्यात प्रकाश हळू चालतो, म्हणून पाण्यात प्रकाशापेक्षा जोरात जाणारे इलेक्ट्रॉन निळा उजेड देतात, तो चेरेन्कोव्हचा उजेड. खाचा पाडलेल्या धातूच्या पट्टीला जवळजवळ चाटून इलेक्ट्रॉन गेला तरी प्रकाश निघतो, हे १९५३ मध्ये स्मिथ आणि पर्सेल या दोघांनी दाखवलं. पण आपल्या बेंचसारख्या गुळगुळीत पाइपात उलटी गंमत आहे. तिथे लाटेचा फेज वेग (तिचे चढउतार पुढे सरकतात तो वेग) प्रकाशापेक्षाही जास्त असतो, ९.४ गिगाहर्ट्झला जवळजवळ १.४ पट. कुठलाच इलेक्ट्रॉन तिला गाठू शकत नाही, त्यामुळे दोघांची जोडी जमतच नाही, एकदा ती पुढे टाकते, एकदा मागे, हिशोब शून्य. म्हणून जिथे इलेक्ट्रॉन आणि लाट यांना हातात हात घालून चालवायचंय तिथे पाइपात भोकं पाडलेल्या चकत्या बसवतात, लाट हळू होते, आणि दोघं बरोबर चालतात.

कॅन्सरच्या रेडिओथेरपीचं लिनॅक मशिन (इलेक्ट्रॉनना सरळ रेषेत वेग देणारं) हे असंच चकत्यांच्या वेव्हगाइडवर चालतं, फक्त तिथे देणंघेणं उलट. क्लायस्ट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन एनर्जी देतो आणि लाट घेते, लिनॅकमध्ये लाट देते आणि इलेक्ट्रॉन घेतो, मग टंगस्टनवर आपटून एक्स-रे बनवतो. आपल्या मुंबईत पवईला आयआयटीच्या आवारात समीर ही संस्था आहे, त्यांनी असे लिनॅक देशात बनवले. माझी एक विद्यार्थिनी आता मेडिकल फिजिक्समध्ये आहे, ती म्हणते मॅडम पहिल्यांदा लिनॅकचं कव्हर उघडलेलं बघितलं तेव्हा आत तोच चौकोनी पाइप दिसला, जरा मोठा, आणि एकदम आपली लॅब आठवली. लिनॅक तीन गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात म्हणून पाइप मोठा. एवढं एक वाक्य ऐकलं की बेंचसाठी केलेली सगळी पदरमोड वसूल झाली असं वाटतं.

इतिहासही मुलांना थोडा सांगा, पाच मिनिटं लागतात. १९३७ मध्ये स्टॅनफर्डला रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या दोन भावांनी क्लायस्ट्रॉन बनवला, त्यातला सिगर्ड विमान चालवायचा आणि त्याला काळोखात, ढगात विमान ओळखण्याचं साधन हवं होतं. क्लायस्ट्रॉन हे नाव ग्रीक शब्दावरून, किनाऱ्यावर लाटा आपटण्याचा. आणि पोकळ पाइप आणि हॉर्न म्हणाल तर जगदीशचंद्र बोस १८९५ ला कलकत्त्यात मिलिमीटर लाटांचे प्रयोग करून दाखवत होते, १८९७ च्या जानेवारीत त्यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे सगळं मांडलं. हॉर्न हातात देताना हे सांगितलं की मुलं तो हॉर्न जरा जपून धरतात, हा माझा अनुभव.

स्लॉटेड लाइनबद्दल वेगळं लिहायलाच हवं कारण बेंचचा दुसरा जीव तिथे आहे. पाइपाच्या माथ्यावर लांबट चीर, त्यात प्रोब सरकतो. शेवटी शॉर्ट लावा आणि प्रोब हळूहळू ओढा, काटा पडतो, चढतो, परत पडतो. मागच्या सेमिस्टरचं एका बॅचचं खरं रीडिंग देते. पहिला मिनिमम ८.१४ सेंटिमीटरला, दुसरा १०.३७ ला. फरक २.२३, त्याची दुप्पट म्हणजे गाइड वेव्हलेंग्थ, पाइपाच्या आतली लाटेची लांबी, ४.४६ सेंटिमीटर. पाइपाची रुंदी २.२८६, तिची दुप्पट ४.५७२, ही कट-ऑफ वेव्हलेंग्थ, मोकळ्या हवेत याहून लांब असलेली लाट या पाइपातून जातच नाही. दोन्हींवरून मोकळ्या हवेतली वेव्हलेंग्थ निघते ३.१९ सेंटिमीटर आणि फ्रिक्वेन्सी ९.३९ गिगाहर्ट्झ. फ्रिक्वेन्सी मीटर फिरवून डिप, म्हणजे काटा एकदम पडतो ती जागा, बघितला तर तिथे ९.४. मुलांचे चेहरे बघायचे असतात त्या वेळी. एका पट्टीने सेंटिमीटर मोजून आपण सेकंदाला नऊशे कोटींहून जास्त वेळा होणारी गोष्ट मोजली. मोजताना मिनिमम घ्या, मॅक्सिमम घेऊ नका, मॅक्सिमम पसरट असतो आणि हाताला सापडत नाही. आणि डिप बघून झाला की फ्रिक्वेन्सी मीटर तिथून हलवून ठेवा, नाहीतर पुढची सगळी रीडिंगं खाली येतात आणि बॅच अर्धा तास डिटेक्टरला दोष देत बसते.

आता तक्रारी. मोठी तक्रार पॉवर सप्लायची. आमच्या पहिल्या बेंचबरोबर आलेल्या सप्लायमध्ये बीम व्होल्टेज, बीम करंट आणि रिपेलर तिन्हींसाठी एकच मीटर होता आणि बाजूला सिलेक्टर स्विच. तिसऱ्या वर्षी रिपेलरचं पोटेन्शिओमीटर आतून खराब झालं, व्होल्टेज मधूनच शून्यावर यायचं. पण मीटर बीम करंटवर ठेवलेला असल्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. रिपेलर निगेटिव्ह नसेल तर इलेक्ट्रॉन परत फिरत नाहीत, सरळ जाऊन रिपेलरवरच आदळतात आणि तो तापतो, म्हणूनच रिपेलर आधी आणि बीम नंतर हा नियम. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दोन दिवस आधी व्हॉल्व्ह गेली. कंपनीला कळवलं तर म्हणाले मुलांनी चुकीचं हाताळलं, वॉरंटीत बसत नाही. पत्रं, फोन, परत पत्रं. शेवटी आमच्या लॅबच्या मामांनी सप्लाय उघडला, नॉब धरून हलवला, मल्टिमीटर लावला आणि मला बोलावून दाखवलं, मॅडम हे बघा, हा नॉब एका जागी येऊन सोडतोय. तेव्हा कुठे कंपनीने सप्लाय दुरुस्त करून दिला, व्हॉल्व्ह मात्र आम्हालाच घ्यावी लागली. मला पैशापेक्षा मुलांवर ढकललं याचा राग आला होता, अजूनही आहे, कारण त्या बॅचने सगळं नियमाप्रमाणे केलं होतं, मी स्वतः शेजारी उभी होते.

तेव्हापासून कानाला खडा. सप्लाय घेताना रिपेलरला स्वतंत्र मीटर असलेलाच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि टर्म सुरू व्हायच्या आधी सप्लाय बंद ठेवून सगळे नॉब आणि वायरी तपासून घ्या, विशेषतः व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या टोपीला जाणारी वायर, कारण रिपेलर तिथेच जोडलेला असतो. त्या टोपीला चालू असताना हात लावू द्यायचा नाही, मुलांना हे पहिल्या दिवशी दाखवून सांगा, तोंडी नको.

दुसरी तक्रार, व्हॉल्व्ह. २के२५ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रडारसाठी बनलेल्या घराण्यातली आहे, आता जगभर सगळीकडे सेमीकंडक्टर आलेत, त्यामुळे चांगली व्हॉल्व्ह मिळणं दरवर्षी अवघड होतंय. बेंचबरोबरच एक जास्तीची मागा, कोटेशनमध्येच लिहून घ्या, आणि डिलिव्हरीच्या दिवशी दोन्ही व्हॉल्व्हवर मोड काढून बघितल्याशिवाय सही करू नका. आमची एक जास्तीची म्हणून आलेली व्हॉल्व्ह तीन वर्षं खोक्यात होती, काढली तेव्हा कळलं की ती मुळातच ऑसिलेट होत नाही. कुणाला विचारणार तेव्हा? तिसरी, डिटेक्टरचा क्रिस्टल, १एन२३. तो अंगावरच्या स्टॅटिकनेसुद्धा जातो. धातूच्या वेष्टनातच ठेवा आणि बसवताना आधी स्वतः पाइपाला हात लावा, मग क्रिस्टलला.

बाकी किरकोळ. फ्लँजचे स्क्रू हलके असतात, पेच मरतात, बाजारातून चांगले घेऊन डबीभर ठेवा. सोबतचं मॅन्युअल बघून जर्नल लिहू देऊ नका, त्यातली नमुन्याची रीडिंगं तुमच्या व्हॉल्व्हशी जुळणारच नाहीत आणि मुलं मग खरं रीडिंग खोडून मॅन्युअलमधलं लिहितात, हे मी स्वतः पकडलंय. व्हीएसडब्ल्यूआर मीटर काट्याचाच घ्या, डिजिटलवर आकडे नाचतात आणि मिनिमम कुठे आला ते कळत नाही, काट्याला ते लगेच कळतं.

गन बेंचबद्दल वाईट बोलणार नाही. १९६२ मध्ये जे. बी. गन यांनी शोधलेला परिणाम, गॅलियम आर्सेनाइडचा छोटा तुकडा, साधारण दहा व्होल्टच्या आत चालतो, वर्षानुवर्षं टिकतो. तिथेही शेवटी चार्जच हलतो, पण तो तुकड्याच्या आत, आणि बाहेरून तुमच्या हातात त्याला थांबवायचा, परत फिरवायचा नॉब नाही. व्होल्टेज वाढवलं, करंट एका जागी चढून उतरला, लाट सुरू. छान आहे, पण मुलाला कारण दिसत नाही. लॅबला अनुभवी मामा नसतील, शिक्षक दरवर्षी बदलत असतील, तर मात्र गनच घ्या, क्लायस्ट्रॉन अशा ठिकाणी दोन वर्षांत कपाटात जातो.

सॉफ्टवेअर घ्या, जरूर घ्या, पाइपाच्या आतलं फील्ड कसं वाकतं, चकती घातल्यावर काय होतं हे रंगात दाखवायला त्याच्यासारखं काही नाही. आम्ही आधी सॉफ्टवेअरवर दाखवतो आणि मग बेंचवर नेतो. पण सॉफ्टवेअरमध्ये लाट देणारा पोर्ट आपण माउसने क्लिक करून लावतो, आणि माझा सगळा जीव तर त्या पोर्टच्या मागे काय आहे यात अडकलाय.

सेफ्टीचं एक वाक्य, पाइपाचं टोक उघडं असताना व्हॉल्व्ह चालू ठेवून आत डोकावून बघायचं नाही, पॉवर कमी असली तरी ही सवय लागता कामा नये, पुढे हीच मुलं रडारवर जातात. बंद करताना आधी बीम शून्यावर, मग रिपेलर, पंखा पाच मिनिटं तसाच.

आणि एक विनंती. हल्ली लॅब नव्याने लावताना जुने बेंच स्क्रॅपला निघतात आणि पाइप वजनावर जातात. आमच्या जवळच्या एका कॉलेजात आख्खी स्लॉटेड लाइन भंगारवाल्याच्या तराजूत गेलेली मी बघितलीय, त्यावरची व्हर्निअर पट्टी अजून चमकत होती. तुमच्याकडे असा बेंच राइट-ऑफ होणार असेल तर आधी आजूबाजूच्या कॉलेजांना, पॉलिटेक्निकना एक पत्र टाका. व्हॉल्व्ह गेलेली असली तरी चालेल, आयसोलेटर, अ‍ॅटेन्युएटर, हॉर्न, टी हे काही बिघडत नाही. आमच्या दुसऱ्या बेंचचे निम्मे तुकडे असेच आलेत, मामांनी ब्रासोने घासून लख्ख केले, आणि या सोमवारीच त्यावर बी-थ्री बॅचने ९.४ चा डिप काढला.